उजवीकडून जाऊ नका

हॉरेस टॅटरसॉल क्रॅगवेल फुटबॉल क्लबसाठी बारा वर्षं डावा बचावपटू म्हणून खेळला. गुडघा गेल्यावर दुसऱ्या एका क्लबचा मॅनेजर झाला. तिथे सलग नऊ सामने हरल्यावर अध्यक्षांनी चहा पाजून घरी पाठवलं. नंतरची वीस वर्षं तो क्रॅगवेलच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने बघून अहवाल लिहीत होता, आणि त्यात एक अक्षरही खोटं नसायचं. गावात त्याला चार माणसंही ओळखत नसतील, पण अब्रू म्हणावी ती या खरेपणाचीच.

एका शनिवारी तो थॉर्नलीचा संघ बघायला गेला. त्यांचा डावा बचावपटू प्रेस्कट झकास खेळत होता, लोक टाळ्या पिटत होते. हॉरेसचा चहा मात्र हातातच राहिला. पोरगा डाव्या पायावर वळतच नव्हता. खेळ थांबला की बुटाची न सुटलेली नाडी बांधायला वाकायचा.

हॉरेसनेही दुखरा गुडघा दोन मोसम असाच लपवला होता. मग प्रतिस्पर्ध्यांच्या कुणा पारख्याने ते हेरून अहवालात लिहिलं, पुढच्या सामन्यात समोरचा गडी पुन्हापुन्हा त्याच्याच अंगावर धावला, आणि गुडघा कायमचा गेला. ज्याने हेरलं त्याचं चुकलं नव्हतं. कामच ते.

घरी येऊन हॉरेसने अहवाल लिहिला: ‘डावा बचावपटू भक्कम. तो आपल्या उजव्या बाजूला येतो, उजवीकडून जाऊ नका.’ लिहिताना त्याला स्वतःची लाज वाटली.

थॉर्नलीशी सामना झाला, आणि क्रॅगवेल दोन गोलांनी हरलं. मॅनेजर बर्टविसल, एकेकाळचा त्याचा जोडीदार, त्याच्यावर उखडला.

“अरे, त्यांचा उजवा बचावपटू म्हणजे नुसता बैल! आणि तू आम्हाला त्याच्याच शिंगांवर घातलंस? डोळे गेले का तुझे?”

“गेले असतील बाबा.”

“मग घरी बस आता!”

वीस वर्षं पाण्यात गेली. हॉरेसला ते फार लागलं. तरी तो मैदानाच्या फाटकाशी थांबला, आणि प्रेस्कट बाहेर आल्यावर त्याला बाजूला घेतलं.

“पोरा, गुडघा डॉक्टरला दाखव. अजून वेळ गेलेली नाही.”

प्रेस्कटचा चेहरा पांढराफटक पडला. “कुणाला कळलं?”

“मला एकट्याला. मी लिहिलं नाही.”

पोराने सुटकेचा श्वास सोडला आणि म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

“फार उपकार झाले, साहेब. पुढच्या शनिवारीही खेळायचंय मला, तेव्हाही कुणाला सांगू नका हं.”