हाल्वारचा मुलगा

संपदानं मला ते काम दिलं तेव्हा तिचा माझ्याबद्दल काहीतरी गैरसमज झाला होता, असं मला अजूनही वाटतं. ती इकडे हिंदी मुलखातल्या आमच्या शिवाजी नगरच्या जुन्या सरकारी क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांची मुलगी. लहान असताना मी तिला उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतल्या गोष्टी सांगायचो. एकडोळ्या देवाच्या, बोलणाऱ्या कावळ्यांच्या, मेलेल्यांच्या गावाला जाणाऱ्या पुलाच्या. मी सरकारी ग्रंथालयात नोकरीला होतो आणि ती जाडी पुस्तकं कुणी घरी नेत नसे, म्हणून माझी वाचून झाली होती. पण काका म्हणजे त्या विषयातले मोठे जाणकार, असं संपदाच्या मनात बसलं ते बसलंच.

आता तिनं अरेरा कॉलोनीत, दातांच्या एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या घेऊन गेम बनवायची कंपनी काढली आहे. तिचा गेम त्याच जगातला. खेळणारा माणूस तो पूल ओलांडून हेलच्या, म्हणजे मृतांच्या राणीच्या, मुलखात उतरतो. तिथे तो मरतो आणि पुन्हा पुलाच्या अलीकडे जागा होतो. हातातलं सगळं गेलेलं असतं, आणि पलीकडच्या वाटाही दर वेळी बदललेल्या असतात.

"पण काका, तो पुन्हा पुन्हा मरायला कशाला जाईल?" संपदा म्हणाली. "कुणीतरी काम सांगायला हवं ना त्याला. पुलापाशी एक म्हातारा बसवायचाय. त्याचं सगळं बोलणं तुम्ही लिहा. हिंदी आम्ही करून घेऊ, पण मराठी मला ओरिजिनल पाहिजे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो. माझं नेहमी असंच होतं.

म्हाताऱ्याचं नाव मी हाल्वार ठेवलं. होड्या बांधणारा माणूस. तीन वर्षं न संपणाऱ्या हिवाळ्यात त्याचा मुलगा पूल ओलांडून गेला आणि परतला नाही. तेव्हापासून हाल्वार बर्फात बसून आहे आणि येईल त्याला सांगतो, माझ्या मुलाला घेऊन या. खेळणाऱ्याला पलीकडे मुलाच्या खुणा सापडतात. कधी हातमोजा, कधी कंगवा, कधी मोडकं वल्हं. ती वस्तू आणून दिली की हाल्वार ती हातात फिरवून बघतो आणि म्हणतो, "म्हणजे तो अजून पुढे गेलाय."

"मुलगा शेवटी कुठे असतो?" मी विचारलं होतं.

"कहीं नहीं, काका," अंबरीश म्हणाला. प्रोग्रॅमिंगचं सगळं तोच बघतो. "मुलगा बनवलाच नाहीये. तो सापडला तर गेम खतम."

मला तेव्हा ते हुशारीचं वाटलं. मी मान डोलावली.

एक गोष्ट मात्र मी आपण होऊन सुचवली. काम घेतलं हे दाखवायला नुसतं बटण दाबायचं, हे मला कोरडं वाटत होतं. मी म्हटलं, हाल्वारनं आपल्या पळीतलं पाणी खेळणाऱ्याच्या तळहातावर घालावं आणि ते त्यानं बोटांवरून खाली सोडावं. आपण संकल्प सोडतो तसं. त्या पुस्तकांत असलं काही नव्हतं, आणि आपण उगीच भेसळ करतोय अशी धाकधूक मला होती. संपदाला मात्र ते फार आवडलं. पाणी पूर्ण ओघळेपर्यंत पडद्यावर बोट धरून ठेवायचं, अशी सोय अंबरीशनं केली. त्या वेळी हाल्वार म्हणतो, "पाणी सोडलंस. आता हे काम तुझं. पुरं होईतो दुसरं हाती धरू नकोस."

आवाजही माझाच घेतला. नंतर चांगला नट बघू म्हणाले होते, तो अजून बघायचा आहे.

हे सगळं झालं तोवर शालिनीच्या हृदयाची झडप बदलायची हे नक्की झालं होतं. शालिनी माझी बायको. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं तिनं. जिना चढून आली की भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि "चपलेत खडा गेलाय" म्हणायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की उशीर करू नका, तुम्ही म्हणाल ती तारीख देतो. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा कुणाच्या रजेसाठी थांबायचाही प्रश्न नव्हता.

तिला घरात बसून कंटाळा येतो म्हणून संपदानं एक टॅब आणून दिला. "काकू, तुम्ही खेळून बघा. ज्यांनी कधी गेम खेळला नाही त्यांना समजतो का, ते पाहायचंय."

शालिनीनं आताच्या घराच्या कोलार रोडकडल्या गॅलरीत खुर्ची टाकली, चष्मा पुसला आणि सुरुवात केली. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा तिनं पायांतल्या चपला काढून बाजूला सरकवल्या. मी दारातून बघत होतो. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, "दवाखान्यात फोन करू का? तारीख घेऊन टाकू."

"आत्ता कशी घेता? काम हातात आहे माझ्या."

"कसलं काम?"

"तुमच्या म्हाताऱ्याचं. पाणी सोडलंय मी."

मला ती चेष्टा वाटली. "अगं, ते काचेवरचं पाणी."

"अन् तुमच्या सत्यनारायणाच्या पूजेत सुपारीचा गणपती असतो, तो काय खरा असतो?" ती म्हणाली. "शब्द काय लिहिलेत तुम्ही? पुरं होईतो दुसरं हाती धरू नकोस. मी नाही लिहिलं."

तिच्या माहेरी, अमरावतीला, संकल्प सोडला की सोडला. सोळा सोमवारांतल्या शेवटच्या काही सोमवारांत तिला टायफॉइड झाला होता, तरी तिनं उपास मोडला नव्हता. तिच्या आईनं मोडू दिला नव्हता. हे मला ठाऊक होतं, तरी मी ते शब्द लिहिले. लिहिताना मला फक्त वाक्य चांगलं झालंय एवढंच वाटत होतं.

ती रोज खेळू लागली. खूप वेळा मरायची. लांडगे खायचे, बर्फ फुटून नदीत पडायची. प्रत्येक वेळी पुलापाशी माझा आवाज तिला म्हणायचा, "आलीस? माझा पोरगा दिसला का?" स्वयंपाकघरात कुकर लावताना मला तो ऐकू यायचा आणि मी शिट्टीची वाट बघत उभा राहायचो, निदान तेवढा वेळ तो झाकला जाईल म्हणून.

चालताना लागलेला तिचा दम आता बसल्यावरही ओसरत नव्हता. पाय सुजत होते, म्हणून डॉक्टरांनी पाणीही मोजून प्यायला सांगितलं होतं. मी रिक्षा करून अरेरा कॉलोनीला गेलो. वाटेत सगळं ठरवलं होतं. मुलगा गेममध्ये घाला, हा माझ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे, असं स्पष्ट सांगायचं. वर गेलो तर कंपनीतली चौघंही कानांना हेडफोन लावून बसलेली. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "मुलगा जर असता, छोटासा, कुठेतरी शेवटी, तर बरं नसतं का दिसलं?"

अंबरीश हसला नाही, हे त्याचं चांगुलपण. "काका, मुलगा म्हणजे त्याचं शरीर, चालणं, चेहरा, भेटीचा सीन. दो महीने. और डेमो इसी महीने भेजना है।"

मग संपदानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. मी सगळं सांगितलं. ती बोटातली अंगठी फिरवत ऐकत होती.

"मी काकूंशी बोलू?"

"नको, नको," मी घाईनं म्हणालो. शालिनीला कळलं की गेममध्ये मुलगाच नाही, तर मी तिला फसवून रोज त्या बर्फात धाडतोय असं होईल, ही भीती मला होती. "दुसरं काही करता येईल का? ज्याला शब्द दिला तोच मोकळं करू शकतो, असं आहे आमच्याकडे. हाल्वारनंच सांगितलं तर?"

ते जमण्यासारखं होतं. मी तिथेच कागदावर लिहिलं. "पोरी, पुरे झालं. मी तुला या कामातून मोकळं केलं. तू घरी जा." एका खोलीत पडदे ओढून त्यांनी माझा आवाज घेतला. संध्याकाळी संपदा घरी आली, टॅब मागून घेऊन त्यात ते घातलं आणि परत दिला. जाताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शालिनी लांडग्यांना सापडली, पुलापाशी जागी झाली, आणि हाल्वारनं तिला मोकळं केलं. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो.

शालिनीनं टॅब मांडीवर ठेवला. "हे कधी लिहिलंत?"

"काय?"

"हे त्याचं बोलणं नाही. मधे खोकलात तुम्ही. तो इतक्या थंडीत बसून कधी खोकला नाही."

मी पेपर खाली केला नाही.

"इतकी वर्षं वाट बघत बसलेला माणूस," ती म्हणाली, "अन् काल मंगळवारी एकदम शहाणा झाला होय? दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं ना, तर तुम्हीच म्हणाला असता की लेखक दमलाय."

ती म्हणाली ते बरोबर होतं. वाक्य वाईटच होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पुस्तकं कपाटात लावली. स्वतःचं असं एकच माणूस लिहिलं, ते तिनं इतकं खरं मानलं की आता ते माणूस माझं ऐकून बदलायलाही तयार नव्हतं. तिनं पुन्हा बोट धरलं, पाणी ओघळू दिलं आणि पुलावर गेली.

त्या आठवड्यात ती अंघोळ करून येताना बाथरूमच्या दाराशी बसली. बसली म्हणजे खाली घसरली. मी तिला उठवू शकलो नाही; माझ्या हातांत तेवढी ताकद नाही. तिच्या शेजारी मीही फरशीवर बसलो. तिचे केस ओले होते. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत आम्ही दोघं धुतलेल्या कपड्यांच्या बादलीकडे बघत राहिलो.

"शालिनी," मी म्हटलं, "त्याचा मुलगा नाहीये. तिथे कुणीच नाहीये. त्यांनी बनवलाच नाही. तू कितीही वेळा गेलीस तरी."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"पहिल्याच आठवड्यात संपदाला फोन करून विचारलं. हातमोजा तीनदा सापडला मला, पहिल्या दोन्ही वेळा उजव्या हाताचा, मग तिसराही उजव्याच हाताचा. म्हटलं, या मुलाला हात किती? तिनं सांगून टाकलं. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले मी."

म्हणजे संपदाला सगळं माहीत होतं. अंगठी फिरवत ती माझं ऐकत होती तेव्हाही.

"मग?" मी विचारलं. "मग कशाला खेळतेस?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पुरं होणारं काम घेतलं असतं, तर झालं असतं की पुरं."

"बरं झालं असतं ना मग."

"मग जावं लागलं असतं," ती म्हणाली. "आपल्या मालतीताई गेल्या होत्या, तशाच. चालत गेल्या होत्या हो त्या. बॅगेत वाचायला मासिक घेऊन."

मालतीताई तिच्या शाळेतल्या. त्यांचीही झडपच होती, आणि त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत. मी त्यांचं नाव इतक्या महिन्यांत एकदाही घेतलं नव्हतं, तिला आठवण नको म्हणून. तिनंही घेतलं नव्हतं, बहुधा मला नको म्हणून.

"सगळ्यांचं तसं होत नाही," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंय. शंभरातले चार-पाच जातात. गणित माझा विषय होता, तुमचा नव्हे." ती थोडी हसली. "मुलांना हेच शिकवायचे मी, की शंभरात चार म्हणजे कमी. आता ते चार कोण, असं वाटत राहतं."

मी पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं एकही वाक्य त्या वेळी मला आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी ते तिच्या उपयोगाचं असतं असं वाटत नाही.

कपडे वाळत घालून झाल्यावर मी तिला न विचारता दवाखान्याला फोन लावला. इतक्या दिवसांत मी आपण होऊन केलेली ती एकच गोष्ट. पलीकडची मुलगी भली होती. फाइल काढून म्हणाली, "हाँ अंकल, अगले बुधवार को हो सकता है। आंटी तैयार हैं ना? उनसे एक बार बात करा दीजिए।"

मी गॅलरीत गेलो आणि फोन शालिनीपुढे धरला. तिनं तो घेतला, कानाला लावला. समोरच्या अर्धवट इमारतीवर मजूर विटा वर चढवत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"बेटा," ती म्हणाली, "बुधवार रहने दो। मैं बताती हूँ।"

मुलगी काहीतरी बोलली. डॉक्टर बाहेरगावी जाणार असल्याचं असावं, कारण शालिनी म्हणाली, "कोई बात नहीं, लौटेंगे ना," आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला.

तो फोन तसाच हातात धरून मी उभा राहिलो. पुन्हा लावावा, असं मनात होतं. पुन्हा लावला असता तर मी काय बोललो असतो?

"चहा करता का?" तिनं विचारलं. "थोडाच. पायांवर सूज आहे."

मी आत जाऊन अर्धा कप पाणी मोजून गॅसवर ठेवलं.