फोटोतली मागची रांग

हाक मारली की पोरं पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, हे कुठल्या घरात नवीन आहे? त्या संध्याकाळी आईलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. ताटं वाढून झाली होती आणि मुलगी खिडकीपाशी पाठमोरी बसली होती. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी टिकून बसणं तिला जमतच नसे. आज मात्र ती कितीतरी वेळ तशीच बसून होती.

"भिंगरी, जेवायला चल."

काही नाही.

"अहो महाराणी, ताट निवतंय."

तरी काही नाही. आईचा पारा चढला. दिवसभर ऑफिसात लोकांची मनं सांभाळायची, आणि घरी येऊन हिची. ती तरातरा गेली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. भिंगरी केवढी दचकली.

"घाबरवलंस ना मला. आधी हाक तरी मारायची," ती म्हणाली. पण केवढ्या मोठ्याने! पलीकडच्या घरातल्या माणसाशी बोलावं तशी.

आईने तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "कानाला काय झालंय?"

"आत शिट्टी वाजतेय. कालच्या तालमीपासून. थांबतच नाही."

कालच्या तालमीत काय झालं, हे आईला विचारावं लागलं नाही. ती तिथेच उभी होती. खुर्च्या तिनेच सरकवून घेतल्या होत्या.

ती एका आंतरराष्ट्रीय संगीत संस्थेत नोकरीला होती. ज्या आईबापांना वाद्य विकत घेणं झेपत नाही, त्यांच्या मुलांना वाद्यं द्यायची, शिक्षक द्यायचे, देशोदेशी वर्ग चालवायचे, असं संस्थेचं काम. काम चांगलं, त्यात खोट नाही. हिच्याकडे प्रायोजक आणि भागीदार सांभाळायचं खातं होतं. कोणाचं नाव फलकावर केवढं, कोणाला पुढच्या रांगेत बसवायचं, कोणाच्या चहात साखर नको, सगळं तिला तोंडपाठ. ऑफिसातले तिला गमतीने 'मुलीकडची' म्हणत. प्रायोजक म्हणजे वरपक्ष, आणि ही कायम हात जोडून दारात.

यंदाचा मोठा प्रायोजक होता लाउडस्पीकर बनवणारी कंपनी. वार्षिक मैफलीसाठी त्यांनी आपले माणसाहून उंच स्पीकर रंगमंचावर आणून उभे केले आणि अट घातली, की प्रत्येक फोटोत कंपनीचं नाव मुलांच्या डोक्यांमागे दिसलं पाहिजे. नाव स्पीकरच्या छातीवर. म्हणजे मुलांची मागची रांग स्पीकरला जवळजवळ पाठ टेकून बसणार, आणि भिंगरीही त्याच रांगेत. त्यातून कंपनीला जाहिरातीची फिल्म हवी होती, आणि फिल्मला दणका हवा होता. म्हणून मुलं व्हायोलिन वाजवत असताना मागून रेकॉर्ड केलेला ताल सोडायचा, तोही पूर्ण आवाजात.

"एवढ्या जवळ बसवायचं?" व्हायोलिनच्या शिक्षकांनी एकदा विचारलं होतं. संचालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे तारा जुळवायला लागले. आणि ही? हिच्या मनात तेच आलं होतं, पण जीभ उचलली नाही. तिच्या आधी या खात्यात ज्या बाई होत्या, त्यांनी एका प्रायोजकाला तोंडावर सुनावलं होतं. आता त्यांच्या टेबलावर ही बसत होती. संचालक उठता बसता सांगायचे, "हे गेले तर वर्ग गेले, मॅडम. मुलांना काय सांगणार मग?"

ती भिंगरीसमोर उकिडवी बसली. "हे बघ, कुणाला सांगू नकोस हं. सरांना पण नाही. आपोआप जाईल ते."

"काय सांगू नकोस?" जेवणाच्या टेबलावरून सासूबाईंचा आवाज आला.

"काही नाही हो, आई."

"कानातलं यंत्र काढून ठेवलंय मी, डोळे नाही काढले."

सासूबाई तरुणपणी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात होत्या. कान तिथेच ठेवून आल्या. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायच्या, त्यामुळे त्या घरात गुपित टिकत नसे. कोणाचं ऐकायचं नसलं की त्या सरळ यंत्र काढून चष्म्याच्या डबीत टाकायच्या.

"पोरीच्या कानात शिट्टी वाजतेय आणि तू तिचं तोंड बंद करतेस?"

"आई, तुम्हाला ऑफिसातलं नाही कळायचं."

"नाहीच कळत. कारखान्यातलं कळतं. माझीही शिट्टीच होती आधी. संध्याकाळी सुरू व्हायची, सकाळी जायची. मुकादम म्हणायचा, सवय होईल बाई. झाली की सवय. मग एकदा ती गेलीच नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं. "तुझा नवरा पाळण्यात घसा फुटेस्तोवर रडायचा, आणि मी त्याच खोलीत पाठमोरी भांडी घासत असायचे. शेजारीण यायची सांगायला, की अगं, तुझं पोर रडतंय."

आई तशीच उठली. तिने कानाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. वेळ मिळाली ती पुढच्या तालमीनंतरची. तोवर मुलीला आवाजापासून लांब ठेवा, असं पलीकडून बजावण्यात आलं.

ते ऐकून तिला चक्क सुटल्यासारखं वाटलं. वाट सापडली होती. "तिला तालमीला पाठवतच नाही. ताप आलाय म्हणून कळवते. कुणाला दुखवायला नको, काही नको."

"आणि तिच्या खुर्चीवर?" सासूबाईंनी विचारलं.

"बसेल कोणीतरी."

"कोण?"

ती फोन ठेवायला वळली.

"त्या कोणाला तरी आई असेलच ना? ती तुझ्या ऑफिसात नाही, म्हणून तिला कळणार नाही. एवढंच."

"मी काय सगळ्यांचा ठेका घेतलाय का, आई? नोकरी जाईल माझी."

"जाईलही." सासूबाईंनी तिला खोटा धीर दिला नाही. "आमच्या मुकादमाची भाची त्या कान फोडणाऱ्या पत्रा कापायच्या यंत्रावर होती. एक दिवस तिला तिथून उठवून झाकणं मोजायला पाठवलं. का उठवलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. ती जागा मला मिळाली. मी खूश. मला वाटलं, आपलं काम आवडलं साहेबांना."

एवढं बोलून त्या ताट पुन्हा पुढे ओढून भात कालवायला लागल्या. पुन्हा त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

तरीही दुसऱ्या दिवशी आईने शिक्षकांना फोन करून ताप आल्याचं सांगितलंच. भीती अशी असते. माणूस ऐकतो, मान डोलावतो, आणि करायचं तेच करतो.

तालमीच्या दिवशी ती सभागृहात पोचली तेव्हा मागची रांग भरलेली होती. भिंगरीच्या खुर्चीवर एक चिमुरडी बसली होती, धाकट्यांच्या वर्गातली. पाय जमिनीला टेकत नव्हते. हिला पाहताच ती आनंदाने म्हणाली, "ताई, मला मोठ्यांच्या रांगेत घेतलं!"

 हसायचं म्हणून ही हसली.

खाली आवाज सांभाळणारा माणूस बटणांपाशी बसला. त्याने खिशातून दोन मऊ बोळे काढले, बोटांत चुरगाळले आणि कानात बसवले. त्याच्या शेजारी कंपनीचे साहेब उभे होते. त्यांनीही एक छोटी डबी उघडली आणि तसेच बोळे कानात घातले. मागच्या तालमीलाही त्यांनी हेच केलं होतं. हिने पाहिलंही होतं. पाहिलं होतं आणि चहाला कोणाला साखर नको ते मोजत पुढे गेली होती.

"थांबा," ती म्हणाली. आवाजच फुटला नाही.  ती पायऱ्या चढली आणि स्पीकर आणि मुलं यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जाऊन उभी राहिली.

"मॅडम, फोटोत येताय तुम्ही," संचालक खालून ओरडले.

"खुर्च्या हलवायच्यात. लांब, स्पीकरच्या मागे."

साहेबांनी एका कानातला बोळा काढला. "काय म्हणालात?"

"कानातून काय काढलंत, साहेब?"

"हे?" साहेबांनी अगदी सहज सांगितलं. "आमच्या कंपनीचा नियम आहे. स्पीकर चालू असताना घालावेच लागतात."

"आणि मुलांनी?"

साहेब संचालकांकडे बघायला लागले. "मुलं काय, थोडा वेळच तर बसतात."

"तुम्हीही थोडा वेळच उभे असता."

संचालक धावत वर आले आणि दात आवळून कुजबुजले, "डोकं फिरलंय का तुमचं? करारात आहे ते. उद्यापासून हे वर्ग तुमच्या घरी भरवायचे का?"

तिला ओरडता येत नव्हतं.  ती थरथरत्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "माझ्या मुलीला ताप नाहीये, सर. मी खोटं सांगितलं. मागच्या तालमीपासून तिच्या कानात शिट्टी वाजतेय. तिला मी घरी ठेवलं आणि या पोरीला तिच्या जागी बसू दिलं."

 मग शिक्षकांनी व्हायोलिन खाली ठेवलं आणि मुलांना विचारलं, "अजून कोणाच्या कानात वाजतंय?"

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग मागच्या रांगेतून एक हात वर गेला. मग त्याच्या शेजारचा. मग आणखी. ही मुलं इतके दिवस बोलली का नाहीत? कारण त्यांनाही घरी कोणीतरी सांगितलं होतं: गप्प बस, वाद्य काढून घेतील! फुकट मिळालंय ना, मग तोंड उघडायचं नाही!

पहिली खुर्ची शिक्षकांनी उचलली. आवाजाच्या माणसाने बटणांवरचा हात काढून घेतला. साहेब फोन कानाला लावून बाहेर गेले. संचालक मागच्या रांगेपाशी गेले. मग त्यांनी त्या चिमुरडीला कडेवर घेऊन खाली उतरवलं आणि हिच्याकडे न बघता विचारलं, "वरच्या लोकांना काय सांगू आता?"

"जे पाहिलंत ते."

मैफल झाली. स्पीकर नव्हते, फलकावर कंपनीचं नाव नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या लोकांना कान देऊन ऐकावं लागलं, आणि त्यांनी दिला. पण सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. कंपनीने पाठिंबा काढून घेतला. मुख्य कार्यालयाने हिच्याकडे खुलासा मागितला आहे. एक बाप तिला रस्त्यात अडवून म्हणाला, "माझ्या पोराचं वाद्य गेलं तर तुम्ही देणार का?"  तिने त्याला मुलाचा कान तपासून घ्यायला सांगितलं, तर तो निघून गेला.

डॉक्टरांकडे भिंगरीला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की हात वर करायचा. काचेबाहेर एक दिवा होता, आत आवाज सोडला की तो लागायचा. दिवा लागे, हात वर जाई. उजवा कान झाला. डावा सुरू झाला. दिवा, हात. दिवा, हात. मग दिवा लागला आणि हात मांडीवरच राहिला. पुन्हा लागला. भिंगरी काचेतून आईकडे बघून हसली आणि पुढच्या आवाजाची वाट बघत बसली. सासूबाईंनी सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"डाव्या कानाला वरचे बारीक आवाज येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "काही परत येतील, काही कदाचित नाही. आणखी एकदा तिथे बसली असती, तर मला याहून वाईट सांगावं लागलं असतं."

प्रायोजक हवेत. भागीदार हवेत. त्यांच्यावाचून किती मुलांच्या हाती वाद्य पडलं नसतं, हे विसरून चालणार नाही. त्यांचे आभार माना, त्यांचं नाव लिहा, चांगलं ठळक लिहा. पण देणारा स्वतःच्या कानात बोळे घालून उभा असेल, तर घेणाऱ्याने विचारलंच पाहिजे. मदत घेतली म्हणजे पोरं नावाची पाटी टांगायला दिली असं होत नाही. तुमच्या शाळेत, तुमच्या मंडळात, तुमच्या मुलांच्या संघात अशी एखादी खुर्ची असेल. भीती वाटेल, वाटू दे. ती आईसुद्धा अजून घाबरतेच, टपाल आलं की आधी मुख्य कार्यालयाचं पाकीट आहे का ते बघते. फक्त आपलं लेकरू तेवढं हळूच उठवून घेऊ नका. ती खुर्ची रिकामी राहत नाही.