बूथचे पोहे

“वहिनी, बूथचे पोहे यंदा आमच्याच टेबलावर ना?”

उत्तम भाऊजींनी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. एक हात दाराच्या चौकटीला, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला नव्हता आणि हा माणूस माझ्या दारात पेढे घेऊन उभा! बरं, पेढे कसले, तर ह्यांच्या उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला त्याचे.

“आधी आत या,” मी म्हटलं. “आणि तो पुडा बाहेरच ठेवा.”

आता पोह्यांचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. भांडुपहून आम्ही भाईंदरला राहायला आलो तेव्हापासून मतदानाच्या दिवशी पक्षाच्या बूथवर पोहे जायचे ते माझ्या घरचे. लोकसभा असो, नाहीतर महापालिका. मी पहाटे उठून टोपभर पोहे करायचे आणि आमचे हे, दत्ताराम घाडीगावकर, टोप खांद्यावर घेऊन नवघर रोडवरच्या शाळेपर्यंत चालत जायचे. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात आयुष्यभर बफिंग मशीनवर उभं राहिलेला माणूस. पगार गाळ्याचा, जीव पक्षाचा.

मग पक्ष फुटला. वर कोण कोणाला काय बोललं ते वरच्यांना माहीत. खाली आमच्या गल्लीत एवढंच झालं की एका शाखेला दोन कुलपं लागली. उत्तम भाऊजी एकीकडे, नीरज दुसरीकडे. उत्तम हा ह्यांचा जोडीदार, नीरज ह्यांच्या हाताखाली पोस्टर चिकटवत मोठा झालेला. दोघांनी माझ्या हातचं खाल्लंय, आणि आता एक रस्त्याने आला की दुसरा पानाच्या गादीआड वळतो.

त्यात ह्या बिल्डिंगमधली मराठी घरं माझ्याकडे बघतात. वहिनींचा टोप कुठल्या टेबलावर गेला, ते बघून निम्मी मतं ठरतात. म्हणून पोह्यांचा एवढा पुळका. नाहीतर पोहे खायला कोण मरतंय इथे!

“बॅनर बघितला का वहिनी?” भाऊजी सोफ्यावर टेकत म्हणाले. “नाक्यावर लावलाय. दत्तारामचा मस्त फोटो आलाय.”

“एक नाही, दोन बघितले.”

दोन्ही बॅनर शेजारी शेजारी होते. दोन्हीवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि दोन्हीवर एकच फोटो, माझ्या मोबाइलच्या डीपीवरून उचललेला. फक्त गळ्यातलं उपरणं वेगळं. एकात ह्यांनी ह्या गटाचं घातलेलं, दुसऱ्यात त्या गटाचं. कॉम्प्युटरवर घातलेलं! मेल्या माणसाला पक्ष बदलायला लावला मेल्यांनी. मी भाजी घ्यायला गेले होते, तशीच रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

“भाऊजी, मला पोह्यांचं नंतर विचारा,” मी म्हटलं. “आधी चावीचं सांगा.”

त्यांनी मान खाली घातली.

चावी ॲम्ब्युलन्सची. ती गाडी ह्यांनी उभी केली होती. दारोदार फिरून, मंडळांच्या पाया पडून, गाळेवाल्या शेठला भरीला घालून. गाडी आली त्या दिवशी ह्यांनी ताटाच्या कातरणीतून एक छोटा मासा कापला, बफिंगवर चकचकीत केला आणि चावीला लावला. “चावी हरवायला नको,” म्हणाले. रात्री-अपरात्री कुणाचाही फोन आला की हे मासा खुळखुळवत जिना उतरायचे.

पक्ष फुटल्यावर गाडी कुणाची यावरून जुंपली, कोर्टात केस गेली. पेपर एकाकडे, चावी दुसऱ्याकडे, आणि गाडी शाखेसमोर निळी ताडपत्री पांघरून उभी. माझ्या गॅलरीतून दिसायची.

गेल्या वैशाखात दुपारी जेवून उठताना ह्यांच्या छातीत कळ आली. घामाने बनियन ओलं झालं. मी उत्तमना फोन केला. ते म्हणाले, “वहिनी, चावी नीरजकडे आहे.” नीरजला केला. तो म्हणाला, “काकी, चावी उत्तमदादाकडे आहे.” सरकारी गाडी चेणे गावाकडे अपघात झाला होता तिकडे गेलेली. शेवटी शेजारची ममता अनवाणी धावत जाऊन नाक्यावरून रिक्षा घेऊन आली. गोल्डन नेस्टच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे बस, मागे टेम्पो, रिक्षावाला बिचारा हॉर्न वाजवून वाजवून थकला. ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. डोळे न उघडता मला विचारलं, “सरोजा, आपली गाडी आली का?”

मी म्हटलं, “आली.” एवढंच बोलणं झालं.

म्हणून मी ठरवलं होतं. विकास, महागाई, कुणी धनुष्य मोडा नाहीतर डोंगर हलवा, मला काही ऐकायचं नव्हतं. त्या दिवशी ज्याच्याकडे चावी होती, त्याला माझं मत नाही. विषय संपला.

“वहिनी,” उत्तम भाऊजी उठले. ह्यांच्या फोटोसमोर निरांजन तेवत होतं. त्यांनी त्यावर हात धरला, खरंच धरला. “दत्तारामची शपथ घेऊन सांगतो. चावी माझ्याकडे नव्हती. असती तर मी स्वतः गाडी चालवत आलो असतो. आणि ती गाडी तर कधीच सडलीय. इंजिन जाम झालंय तिचं. आता ती भंगारात जाणार.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. जाताना पेढ्यांचा पुडा तेवढा न विसरता घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी नीरज आला. हातात मोबाइल, अर्धं लक्ष त्यात.

“काकी, पोह्यांचं काय करताय?”

“चावी कुणाकडे होती?”

“उत्तमदादाकडे. पेपर आमच्याकडे.”

“शपथ घे. तो फोटो बघ, त्याच्यासमोर घे.”

तो फोटोकडे बघायला तयार होईना. “शपथबिपथ मी नाही घेत, काकी. आणि खरं सांगू का, आमच्या लोकांनी पण चावी मागितली नाही. मागितली तर केस वीक होईल, असं वकील बोलला होता. मी पण गप्प बसलो.” मग म्हणाला, “आता ते काढून काय उपयोग?”

काय उपयोग! माझं डोकंच फिरलं. “चालता हो,” म्हटलं. “काकांच्या ताटात जेवलास, आणि वकिलाचं ऐकून गप्प बसलास?” तो गेला आणि मी दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

ममता आवाज ऐकून आली. तिचं सगळं सोपं. “भाभी, इतना क्या सोचना? हम तो जो जीतनेवाला है, उसी को देते हैं. वोट वेस्ट नहीं होना चाहिए.”

“और जिसने झूठ बोला, उसको दिया तो?”

“वो तो सब बोलते हैं,” म्हणाली, आणि कॅलेंडर खिळ्याला परत लावून गेली.

मी रात्रभर दोघांना तोलत बसले नाही. गरजच नव्हती. एकाने निरांजनावर हात धरला, दुसऱ्याला फोटोकडे बघवेना. आमच्या घरात खोटी शपथ कुणी घेत नाही, म्हणून कुणीच घेत नसेल असं मी धरून चालले. पन्नाशी उलटली तरी अक्कल आली नाही, ती अशी.

मतदानाच्या दिवशी पहाटे उठले. जाडे पोहे भिजवले, कांदा चिरला, शेंगदाणे तळले. वर्षभरात पहिल्यांदा त्या टोपात काहीतरी शिजत होतं. हात सराईतपणे चालत होता आणि मधूनच टोप उचलायला कुणी नाही हे आठवत होतं. उत्तम भाऊजींनी दोन पोरं पाठवली, ती घेऊन गेली. मी साडी नेसून शाळेत गेले. रांगेत फार गर्दी नव्हती. बोटाला शाई लावून घेतली, आत गेले आणि भाऊजींच्या उमेदवारासमोरचं बटण दाबलं. लांब बीप वाजला. तुमचं काम केलं हो, असं मनातल्या मनात ह्यांना सांगितलं.

बाहेर आले. ऊन चढलं होतं. भाऊजींच्या टेबलावर माझे पोहे कागदी डिशमधून वाटले जात होते. नीरजच्या टेबलावर वेफर्सची पाकिटं. बिल्डिंगमधल्या दोघी मला बघून हसल्या, त्याच टेबलाकडे चिठ्ठी घ्यायला वळल्या. मीही हसले.

तेवढ्यात सायरन एकदाच कुईं करून वाजला, गंमत म्हणून वाजवतात तसा.

गाडी. आपली गाडी. धुतलेली, पुसलेली, चाकांत हवा भरलेली. दारावरच्या पक्षाच्या चिन्हावर खाकी कागद चिकटवला होता, आचारसंहिता ना! मागचं दार उघडलं आणि त्यातून एकेक म्हातारी माणसं उतरायला लागली. स्ट्रेचरच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. पोरं त्यांना हात देत होती, “सावकाश आजी, सावकाश.” आणि चालकाच्या सीटवर उत्तम भाऊजी, गळ्यात टॉवेल, चेहऱ्यावर घाम, खुशीत.

मी खिडकीपाशी गेले. इंजिन मस्त घुरघुरत होतं.

“भाऊजी, ही तर सडली होती ना?”

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. “अहो वहिनी... काल मेकॅनिकला बोलावलं. बॅटरी बदलली फक्त. बॅटरीच गेली होती बघा.”

“फक्त बॅटरी.”

“हो ना. आम्हाला तरी कुठे माहीत?”

स्टिअरिंगच्या खाली चावी लटकत होती. तिला मासा होता. इंजिनाच्या थरथरीने हलत होता, उन्हात चमकत होता. तो मासा कुणी चोरून आणलेला नव्हता, कुणी काल दिलेला नव्हता. मासा बांधायला मी दिलेला लाल दोरा त्याला तसाच होता आणि त्या दोऱ्यात भाऊजींच्या घरची, लोखंडी दाराची चावी अडकवलेली होती. घरच्या किल्लीसोबत वर्षभर त्यांच्या खिशात होता तो.

मला वाटलं मी ओरडेन. ओरडले नाही. पलीकडचं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

“हॉस्पिटलला चला.”

“वहिनी, काय होतंय का तुम्हाला?”

“चला म्हटलं ना! आणि सायरन लावा.”

मागून एक पोरगा डिश घेऊन आला, “काकी, अजून लिंबू आहेत का?” माझं तोंड बघून मागे सरकला. टेबलावरचे सगळे आमच्याकडे बघत होते. रस्त्यात तमाशा नको म्हणून असेल, पण भाऊजींनी गिअर टाकला.

सायरन लागला आणि रस्ता उघडत गेला. एका बसने आमच्यासाठी डावी बाजू घेतली. गोल्डन नेस्टच्या चौकात हवालदाराने दोन्ही बाजूंची गाड्यांची रांग थांबवली आणि आम्हाला हात दाखवला. आम्ही थांबलोसुद्धा नाही. ज्या जागी ह्यांनी मला विचारलं होतं, ती जागा कधी मागे गेली तेही कळलं नाही.

“वहिनी, मला वरून सांगितलं होतं,” भाऊजी समोर बघत म्हणाले. “चावी दिलीस तर ताबा गेला, असं सांगितलं होतं. मला वाटलं, गॅस झाला असेल. दत्तारामला कायम गॅस व्हायचा.”

मी हलणाऱ्या माशाकडे बघत राहिले. बोलायला तोंड उघडलं असतं तर थोबाडात मारली असती.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये गाडी थांबायच्या आत दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले. एकाने मागचं दार उघडलं. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका म्हातारीची विसरलेली काठी, बस.

“पेशंट किधर है?” त्याने विचारलं.

“पिछले साल लाना था, भैया,” मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. त्याने भाऊजींकडे बघितलं. भाऊजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून खाली बघत होते. “टाइम खोटी मत करो,” तो पुटपुटला आणि दोघं रिकामं स्ट्रेचर ढकलत आत गेले.

मी चावी काढून घेतली. लाल दोरा दातांनी तोडला. दोन्ही चाव्या भाऊजींच्या मांडीवर टाकल्या आणि मासा पदराच्या टोकाला बांधला.

“वहिनी, परत सोडतो तुम्हाला.”

“नको. तुमचे मतदार उन्हात थांबलेत.”

रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून माझं बोट बघितलं. “वोट दे दिया, आंटी?”

“दिया,” म्हटलं. “गलत आदमी को दिया.”

बूथवर उतरले, सरळ भाऊजींच्या टेबलाशी गेले आणि टोप उचलला. अर्धा भरलेला होता. कुणाची विचारायची छाती झाली नाही. नीरज खुर्चीतून उठला, “काकी, मी घेतो.” “बस खाली,” म्हटलं, “तू पण गप्पच बसला होतास.” तो बसला. टोप कमरेवर घेऊन नाक्यावर गेले आणि उरलेले पोहे रिक्षावाल्यांना वाढले. गेल्या वैशाखात ह्यांच्यासाठी धावून आले होते ते तेवढेच.

घरी येऊन मोरीत टोप घासायला बसले. तळाला करपलेलं होतं, ते काथ्याने खरवडून काढलं. मग तोच काथ्या बोटावर घासला, नखाजवळ कातडी सोलवटेपर्यंत घासला. टोप लख्ख झाला. शाई काही गेली नाही.