टीव्हीवर पाय ऐकू येतील ना?

आमचे हे टीव्हीवर नाचणार, ही बातमी आमच्या भटवाडीच्या चाळीत सगळ्यात शेवटी कोणाला कळली असेल तर मला. मंडळाच्या गुणाजीबुवांनी आधी सगळ्या चाळीला सांगितलं, मग पानवाल्याला, आणि मग कुठे आमचे हे घरी येऊन तोंड उघडतात, "नलू, बंड्या शिवायच्यात."

"कोणाच्या?"

"आठ जणांच्या."

असे आमचे हे. नाव धोंडू. गिरणी बंद पडली तेव्हापासून विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. आधीच बोलायचे कमी, संपानंतर तर तेवढंही गेलं. चार वर्षं पायात घुंगरू बांधले नव्हते. म्हणून मी भांडले नाही हं, नाहीतर आठ बंड्या फुकट शिवणारी मी कोण लागून गेले!

टीव्हीवाल्यांनी लोकनाचांची स्पर्धा काढली होती आणि आमच्या मंडळाची जाखडी निवडली होती. जाखडी म्हणजे आमच्या रत्नागिरीकडचा नाच. मधे गाणारे बुवा, ढोलकीवाला, झांजवाला बसतात आणि भोवती आठ पुरुष फेर धरतात, प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरू.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या खाटेवर उठून बसल्या. सुंदराबाई त्यांचं नाव. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, म्हणून गावचं घर बंद करून आमच्याकडे आलेल्या. गावी अंगणात आठ जण नाचत असले तरी ह्या आत चुलीपुढे बसून सांगायच्या, आता माझ्या धोंड्याचा पाय पडला. एकदाही चुकल्या नाहीत म्हणे.

"धोंड्या," त्यांनी विचारलं, "टीवीवर पाय आयकू येतील ना रं?"

"येतील की, आये," हे म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून नळावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला म्हातारी सांगत सुटली, "मी टीवी आयकनार हाय." शेजारची शकु हसायची. मला नाही हसू यायचं. एवढं एकच मागणं होतं बिचारीचं.

बंड्या शिवल्या म्हणून मलाही पास मिळाला. टीव्ही सेंटरमध्ये गेल्यावर कळलं, इथलं सगळंच उलटं. गाणं आज, नाच उद्या. आज नुसतं गाणं टेपवर घ्यायचं, उद्या तीच टेप लावून नाचायचं. परीक्षकसुद्धा समोर बसत नाहीत, वेगळ्या खोलीत बसून टीव्हीवर बघतात आणि मार्क देतात. कॅमेऱ्यात आलं ते खरं, बाकी तुम्ही काय वाट्टेल ते करा.

काचेच्या खोलीत बुवांना बसवलं. नाचणाऱ्यांना बाहेर काढलं; अजून तालीमच चालली होती, म्हणून दार किलकिलं होतं. बुवांनी गण सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीला घसरले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा टेपवाले साहेब वैतागले.

"काय झालं बुवा?"

"अहो, पाय कुठायत?" बुवा त्यांच्यावरच खेकसले. "पाय पडल्याशिवाय मी सूर उचलू कुठे? तीस वर्षं मी पायांवर गातोय, ढोलकीवर नाही!"

"पाय उद्या. आणि पायांचा आवाज आम्ही घेतच नाही, गाणं खराब होतं त्याने."

ह्यांच्याकडे बघितलं तर हे खाली मान घालून हातातले घुंगरू चाचपत उभे. म्हणजे म्हातारी टीव्हीसमोर कान लावून बसणार आणि तिला ऐकू काय येणार, तर गुणाजीबुवा! त्यांना तर ती रोज सकाळी खाकरताना ऐकते.

माझं डोकं सटकलं. दार ढकलून मी आत गेले. "साहेब, माझी सासू आंधळी आहे. ती फक्त मुलाचे पाय ऐकायला बसणार आहे."

"बाई, इथे चाळीस मंडळं येतात. कोणाकोणाच्या सासवा बघू?"

"कोणाच्या किती ते मला माहीत नाही. मला एकच आहे."

तेवढ्यात बुवांनी झांजवाल्याची झांज काढून घेतली आणि मांडीखाली ठेवून दिली. "पाय नाही तर गण नाही. गण नाही तर आमची जाखडी नाही. लिहून घ्या."

शेवटी साहेबांनी कपाळावर हात मारला. एक माणूस, म्हणाले, एकच, आणि लांब कोपऱ्यात. शिपायाने कुठूनशी लाकडी फळी आणून टाकली. बुवांनी बोट दाखवलं, "धोंडू, ये. तुझा पाय असला की मला घड्याळ नको."

मला पुन्हा बाहेर काढलं आणि दार घट्ट लावलं. काचेतून आवाज काही येत नव्हता, नुसतं दिसत होतं. एकटे हे, फळीवर, पाच मिनिटं. काय नाचले म्हणून सांगू! घामाने बनियन अंगाला चिकटलेलं, पण तोंडावर असं तेज, की लग्नात बघितलेला माणूस मला परत दिसला. झकास नाचले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी कॅमेरे. फेर धरला तर बुवांच्या डोक्यामागे निम्मे झाकले जातात, म्हणून फेर मोडून अर्धा गोल केला. फरशीवर खडूने फुल्या मारल्या, फुली सोडायची नाही. आमच्या ह्यांच्या वाट्याला कडेची फुली आली.

दोन आठवड्यांनी रविवारी कार्यक्रम लागला. शकुच्या खोलीत सगळी चाळ कोंबलेली. सासूबाईंना पुढे टीव्हीला खेटून बसवलं, हे त्यांच्या मागे. नाच सुरू झाला आणि पोरं ओरडायला लागली, "धोंडूकाका कुठंय? तो हात बघ, तो हात धोंडूकाकाचा!" खरंच, पाच मिनिटांत एक कोपर आणि फेट्याचं टोक, एवढाच आमचा नवरा दिसला. नंबरही आला नाही. माझी इतकी चिडचिड झाली की त्या कॅमेरावाल्याला मी मनातल्या मनात सात पिढ्यांसकट धुतला.

सासूबाई मात्र हलल्या नाहीत. गाणं संपलं तरी मान तशीच कलती. मी वाकून विचारलं, "आई, ऐकलात ना पाय?"

"आयकला." मग जरा थांबून म्हणाल्या, "धोंड्या, हिकडं ये. डावा पाय दे."

हे पुढे सरकले. म्हातारीने चाचपत चाचपत गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. ह्यांनी दात आवळून श्वास आत ओढला.

"कवापासनं दुखतोय?" त्यांनी विचारलं. "भार घेत न्हाय त्यावर तू. म्हनून घुंगराचा पाय घाईनं खाली येतोय. केसाएवढा, पन दर फेराला."

हे खाली बघत म्हणाले, "वर्ष झालं, आये. बारा तास उभं राहायचं असतं गेटवर. खुर्ची देत नाहीत."

वर्ष! आणि वर्षभर मी काय करत होते? पाण्याचा हंडा उचलायला सांगितला की तोंड वाकडं करतात म्हणून ह्यांना आळशी म्हणत होते. परवा तर चारचौघांत म्हटलं. काचेतून पाच मिनिटं टक लावून बघितलं होतं मी ह्यांना, आणि मला फक्त झकास दिसलं होतं. मला रडूच आलं, आणि मला रडू आलं की आधी राग येतो.

"अहो, मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले.

म्हातारीने ह्यांच्या गुडघ्यावरचा हात न काढता माझ्याकडे तोंड वळवलं.

"सांगत व्हता की गो," त्या म्हणाल्या. "पाच मिनटं सांगत व्हता. तू बघत व्हतीस."