तीनबोटे

"तीन बोटं उभी घाला तोंडात, तुमचीच," छावणीच्या दातांच्या दवाखान्यातले सहायक म्हणाले.

हवालदाराने दोन बोटं घातली आणि हात खाली घेतला.

"तीन म्हटलं मी. मोजता येतं ना?"

तिसरं बोट काही शिरेना; जबडा तेवढा उघडतच नव्हता. हवालदाराच्या कपाळावर घाम आला. बारा जणांची त्याची तुकडी उद्या पहाटे डोंगरावरच्या ठाण्याला निघायची होती. तिथे चार महिने ना डॉक्टर, ना रस्ता. दातांच्या कागदावर शिक्का नसेल, तर ट्रकमध्ये पाऊल ठेवायची सोय नाही. शिक्का डॉक्टरीणबाई मारायच्या, पण सहायकांनी कागद पुढे सरकवला तरच. एकोणीस वर्षं हेच चाललेलं. सगळी छावणी त्यांना तीनबोटे म्हणायची, तेही तोंडावर. माणूस चिडायचा नाही. कामाचा मात्र असा पक्का, की कर्नललासुद्धा बोटं घालायला लावली होती.

"अक्कलदाढ सुजलीय. कधीपासून दुखतेय?"

"दुखत नाहीये."

"गोळ्या किती घेतल्या सकाळी?"

"दोन. काका, माझी पोरं आहेत ती. चौघं तर पहिल्यांदाच वर चाललीत. जाऊ द्या ना. सोसेन मी."

नऊ वर्षांपूर्वी एक नाईक हेच म्हणाला होता आणि तीनबोट्यांनी दया येऊन कागद सरकवला होता. वर गेल्यावर सूज गळ्यात उतरली. पाच दिवस बर्फ थांबला नाही. सहाव्या दिवशी त्याला खाली आणलं, ते झाकूनच. तीनबोट्यांना कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटे.

"तुम्ही सोसाल हो," ते म्हणाले. "पण तुम्हाला उचलून खाली आणायला चार जण लागतील. तुमच्या पोरांतलेच."

हवालदाराने मान खाली घातली, आणि मग स्वतःच खुर्चीत जाऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी तासाभरात दाढ काढली आणि पंधरा दिवस छावणी सोडायची नाही, असं बजावलं.

पहाटे ट्रक निघाला तेव्हा तो सुजलेला गाल घेऊन फाटकाशी उभा होता. तीनबोटे शेजारी येऊन उभे राहिले. ट्रक समोरून जाताना मागे बसलेल्या पोरांनी हात वर केले आणि सगळ्यांनी मिळून तीन-तीन बोटं तोंडात घातली. हवालदार हसायला गेला, टाका ओढला गेला, डोळ्यांत पाणी आलं.

तीनबोट्यांनी सवयीने एकेकाचं तोंड नीट पाहून घेतलं. अकराही जणांची तिन्ही बोटं आत होती.