एका फॅरडचा पत्रा

भूमापन खात्यात मी छत्तीस वर्षं साखळी ओढली. त्या काळात चेन्नईचा समुद्र दोनदा मागं सरकवला, पण त्याचे साक्षीदार उरले नाहीत. ही गोष्ट मागच्याच रविवारची, नुंगंबाक्कममधल्या आमच्या बाल्कनीतली.

माझी नात जननी बारावीत आहे. वरच्या मजल्यावरची ऋजुता मूळची पुण्याची, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. पहाटे हौसेनं पाच मुलांना फिजिक्स शिकवते. चार जागा भरल्या होत्या. पाचव्या जागेसाठी तिनं अठरा मुलांना एकच गणित घातलं: कपॅसिटरचे दोन पत्रे समोरासमोर, मध्ये एक मिलिमीटर हवेची फट. धारकता एक फॅरड यायची, तर एका पत्र्याचं क्षेत्रफळ किती? उत्तर संध्याकाळी सहाच्या आत ग्रुपवर.

पावणेसहाला जननी खोडरबर शोधत होती. ही जागा मिळावी म्हणून पोरगी महिनाभर झटली होती.

"काय खोडतेस, कण्णा?"

"माझं उत्तर वेड्यासारखं आलंय, ताता. अकरा कोटी तीस लाख चौरस मीटर! ग्रुपवर सगळ्यांचं एकशे तेरा चौरस सेंटिमीटर. वेंकटनं पहिलं टाकलं, आणि त्याचं कधी चुकत नाही."

"मग त्याचंच लिहिणार?"

"कपॅसिटर एवढुसा असतो हो. निदान टेबलावर तरी मावायला नको?"

"एका फॅरडचा नाही मावत. मी अंथरलाय ना तो पत्रा."

"अय्यो, झालं सुरू!"

"इथून आपल्या चेन्नईजवळच्या कोवलमपर्यंत सरळ तीस किलोमीटर लांब, पावणेचार रुंद. चोवीसशे चौरस फुटांचा एक ग्राउंड धरलास तर पाच लाख ग्राउंडांच्या वर. टी. नगरात साड्यांच्या दुकानांवरून नेला तेव्हा गिऱ्हाइकं दोन दिवस वाकून चालत होती. त्यावर दुसरा पत्रा, आणि फट राखायला मध्ये अप्पळम, आपले उडदाचे पापड. न तळलेले हं, तळले की फुगतात."

"अप्पळम घातले तर मध्ये हवा कुठं राहिली? धारकता बदलेल की!"

"म्हणून तर मैलाला एकच."

आतून माझी लेक भवानी ओरडली, "अप्पा, पोरीची जागा घालवाल हं आज!"

तेव्हा मात्र मी खुर्ची पुढं ओढली. "हे बघ, मी सगळं खोटं सांगतो, क्षेत्रफळ सोडून. साखळी एकदा टाकून आम्ही कधी सही केली नाही. पलीकडच्या टोकापासून उलटी मोजत यायचो. दोन्ही आकडे जुळले, तरच सही. वेंकटचा पत्रा घे आणि उलटी ये. फॅरड किती होतात?"

तिनं तोंड वेंगाडलं, पण मांडलं. दोनदा मांडलं.

"शंभर पिकोफॅरड."

"माझ्यासारख्याला कळेल असं सांग."

"एका फॅरडचा हजार कोटीवा भाग."

"आणि तुझ्या पत्र्याचे?"

ती खाली मान घालून आकडे मांडत राहिली. "बरोबर एक."

तरी खोडरबर हातातच. "पण अठरांत मी एकटीच वेगळी दिसणार, ताता."

मी फक्त घड्याळाकडं बोट दाखवलं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना तिनं अकरा कोटी तीस लाखांखाली रेघ मारली आणि फोटो पाठवला. लगेच ग्रुपवर हसऱ्या तोंडांची रांग लागली. जननीनं फोन उलटा ठेवला आणि नखं कुरतडत बसली.

सव्वासहाला ऋजुता स्वतःच जिना उतरून आली. "उद्या पहाटे साडेपाचला ये गं. एवढा मोठा आकडा खोडावासा नाही वाटला?"

"वाटला ना, ताई. मग उलटं मोजून पाहिलं."

जरा वेळानं वेंकटचा फोन आला. त्याचंही आधी अकरा कोटी तीस लाखच आलं होतं म्हणे. टेबलावर मावेना, म्हणून त्यानं शून्यं कापली.