एक की नऊ

वर गोल, खाली शेपूट... शेपूट जरा डावीकडे वळलंय का? तिने डॉक्टरचा कागद खिडकीकडे धरला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला. ‘धाप लागते’, पुढे तो आकडा, आणि त्यापुढे नुसता ‘व.’ — वर्षांचा. मराठी म्हणून वाचला तर एक, इंग्रजी म्हणून वाचला तर नऊ. आणि हा डॉक्टर असला वल्ली, की वय मराठी आकड्यांत लिहितो आणि वजन इंग्रजीत! बरं, दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर सुटीवर, आणि कंपाउंडर म्हणतो, “कागद तुमच्याकडेच आहे ना बाई? मग वाचा की.”

ज्याचा विम्याचा दावा तिला तपासायचा होता, तो माणूस कुलपं दुरुस्त करणारा. हृदयाची झडप बदलायचीय. विमा दोन वर्षांपूर्वी उतरवलेला — म्हणजे दुखणं वर्षाचं असेल तर शस्त्रक्रियेचा खर्च कंपनी देणार, आणि नऊ वर्षांचं असेल तर त्याने ते लपवलं, दावा नामंजूर. सकाळी तिने नऊ वाचला होता. सहज वाचला होता, तेच आता तिला टोचत होतं.

“गाळणीबाई, झालं का? पाचला मंजुरी-नामंजुरीची पत्रं जाणार,” साहेब जाता जाता म्हणाले. तिच्या हातून खोटं काही सुटत नाही म्हणून हे नाव. आधी ती चिडायची, मग मिरवायला लागली. साहेब नेहमी सांगायचे, एकाचं खोटं चालवून घेतलं की हप्ता सगळ्यांचा वाढतो, आणि मग ज्याला खरी गरज तोच विमा सोडतो. ते खरंच होतं. तिलाही पटायचं. पण मग...

मग बाबा आठवायचे. दवाखान्याची ती हिरवी चादर, मांडीवर विम्याच्या दाव्याचा फॉर्म, आणि बाबा दबक्या आवाजात — “किती सांगू गं?” दुखणं चार वर्षांचं. मी म्हणाले, दोन महिने सांगा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने बसमध्ये माझं अर्धं तिकीट एक दिवससुद्धा जास्त चालवलं नाही, त्याने मान खाली घालून ‘दोन’ लिहिलं — अक्षरात लिहिलं, स्पष्ट. दावा मंजूर झाला, पुढे सहा वर्षं जगले. भांडले, टीव्ही मोठ्याने लावून बसले. तो फॉर्म तपासणाऱ्याने काय वाचलं असेल? मला कधी लाज वाटली का? वाटली... आणि नाहीही वाटली.

साडेचार. तिने ड्रॉवर उघडला, बंद केला, पाणी प्यायलं, आणि उठता उठता पुन्हा बसून कुलूपवाल्याचाच नंबर फिरवला. असा फोन नियमात बसत होता, पण करत कोणी नव्हतं. वेळ कुठे असतो?

“विमा कंपनीतून बोलतेय. धाप लागायला लागून किती वर्षं झाली तुम्हाला?”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

“ताई... किती सांगितलं तर चालेल?”

आवाज वेगळा होता, पण विचारणं बाबांचंच, तसंच दबकं. जिभेवर ‘एक’ आलं होतं. एवढासा शब्द, बोलली असती तर कुणाला कळलंही नसतं.

“जे खरं असेल ते सांगा,” ती म्हणाली, आणि हे आपण बाबांना म्हणालो नव्हतो हे तिला म्हणता म्हणताच कळलं.

“खरं म्हणजे... थांबा हां. अगं, त्या चौथ्या मजल्यावर कुलूप उघडायला गेलो नि जिन्यातच बसलो, ते कधीचं गं?” तो आत बायकोला विचारत होता. आतून बायको काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. तो म्हणाला, “नाही गं, त्याच्याही आधी... नीट आठव.”

पेन कागदावर टेकलेलं होतं. इतक्या वर्षांत तिला आकडा काय निघेल याची कधी पर्वा नव्हती. आज ती मनातल्या मनात एक, एक, एक म्हणत होती.